दसऱ्याच्या तारखेची बेवा

उद्या सकाळी तुमच्या दारात एक अनोळखी माणूस कागद घेऊन उभा राहिला, म्हणाला, "हे घर आता माझे," आणि त्याच्या शेजारी खाकी वर्दीतला फौजदार असला, तर तुम्ही काय वाचाल? कागद, की वर्दी?

खरे उत्तर द्या. मला ते ठाऊक आहे, कारण त्या वर्दीत मी होतो.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून वर काढलेली प्रेते पाहिली. पण निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटले, की यातले काही आठवत नाही. आठवते ती चैत्रातली एक सकाळ, एक मातीची चूल आणि एक शब्द. त्या केसमध्ये कोणाला साधे खरचटलेसुद्धा नव्हते. तरी इतक्या वर्षांनी तिचेच ओझे वाटते. नावे कोणाचीच देणार नाही. गेलेल्यांना आता शिक्षा नको, आणि जे आहेत त्यांच्या लेकराबाळांनी बाजारात मान खाली घालून चालू नये.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. मेहकरपासून बसने अर्ध्या तासावर असलेल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. नव्या राज्याचे छापील फॉर्म पुरेसे आले नव्हते. जुन्या फॉर्मवरचे जुन्या राज्याचे नाव रेघ मारून खोडायचे आणि वर रबरी शिक्का मारायचा, हे ठाण्यातले रोजचे काम. मी चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा. शिकत असताना गरिबांच्या हक्कांच्या सभांची पत्रके वाचून वाढलो, वाटलीही. वर्दी अंगावर चढली तेव्हा वाटले होते, पत्रकात जे जे लिहिले होते ते आता अमलात आणता येईल. एका वर्षात कळले की फौजदाराचा अर्धा दिवस हजेरी, मुद्देमाल आणि वरिष्ठांच्या निरोपांत जातो, आणि उरलेला अर्धा लोकांना "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असे सांगण्यात.

एका गुरुवारी बाजूच्या गावचे पोलीस पाटील घाम पुसत ठाण्यात आले.

"सायब, खामगावचा शेठ उद्या आमच्या गावात माणसं घेऊन येऊन राह्यला म्हन्ते. त्या भाजीवाल्या बाईचं घर खाली कराले. बाई विळा घेऊन दारात बसनार. मंग मले नका म्हनू का पाटलानं खबर नाई देली."

मी स्टेशन डायरीत नोंद केली. पाटील बाहेर पडतात न पडतात तोच खामगावचा शेठ स्वतःच ठाण्यात आला. कापसाची अडत करणारा, पांढरे स्वच्छ धोतर, हळू बोलणारा माणूस. त्याने खुर्चीवर बसण्याआधी परवानगी विचारली. इतक्या वर्षांत माझे एक निरीक्षण झाले आहे. दुसऱ्याचे घर घ्यायला आलेला माणूस क्वचितच आरडाओरडा करतो. आरडाओरडा ज्याचे घर जाते त्याच्या वाट्याला येतो, आणि पोलीस आरडाओरडा करणाऱ्याला धरतात.

"अपने को झगडा नको साहेब," तो म्हणाला. "म्हणून तर आधी ठाण्यात आलो. कागद साफ आहेत. तुम्ही फक्त उभे राहा."

त्याच्याजवळ तीन कागद होते. पहिला, नोंदलेले गहाणखत. घर बाईच्या नावावर. तिच्या बापाने लग्नात लेकीला दिलेले. नदीकाठच्या तुकड्यावर भाजीपाला करायला ऑइल इंजिन घ्यायचे म्हणून नवरा-बायकोने ते घर गावच्याच सावकाराकडे गहाण ठेवले होते. दुसरा कागद, त्या सावकाराने ते गहाण गेल्या दिवाळीत या शेठला विकल्याचा. तिसरा, साध्या स्टॅम्पवरचा कबुलीलेख. त्यात बाईने कबूल केले होते की सावकाराची बाकी अजून फिटलेली नाही, आणि चैत्रापर्यंत फिटली नाही तर मी घराचा ताबा बिनतक्रार देईन. खाली अंगठा. तारीख दिवाळीच्या आधीची, दसऱ्याची.

गावात वाद आहे हे शेठने लपवले नाही. बाईचा नवरा मरेपर्यंत सांगत असे की सगळे फिटले, आमचे गहाणखत परत द्या. सावकार म्हणे व्याज राहिले. "पण साहेब," शेठने तिसऱ्या कागदावर बोट ठेवले, "नवरा काही म्हणो. मालकीण स्वतः कबूल करून बसली. ते पण मी गहाण घेण्याच्या आधी."

वरूनही निरोप होता. शांतता राखा, ताबा व्यवस्थित होऊ द्या. निरोप तोंडी होता. तोंडी हुकमाची डायरीत नोंद होत नाही, आणि म्हणूनच तो तोंडी असतो.

मी तिन्ही कागदांच्या नकला अर्जासोबत ठेवून घेतल्या आणि म्हणालो, "उद्या येतो."

शुक्रवारी सकाळी आम्ही त्या दारात पोचलो. धाब्याचे बुटके घर, सारवलेला ओटा. बाई खरोखरच विळा घेऊन बसली होती, पण त्या विळ्याने ती मेथीच्या जुड्यांची मुळे छाटत होती. पंचेचाळिशीची असेल. कपाळ मोकळे. पौषात छातीत कळ येऊन नवरा गेला, हे पाटलांनी वाटेत सांगितलेच होते.

मी कबुलीलेख मोठ्याने वाचायला घेतला. "लिहून देणार, मुसम्मात अमुक, बेवा अमुक, धंदा शेती..." आमच्या वऱ्हाडात जुन्या दस्तांची भाषा अशीच असते. बाईच्या नावाआधी मानाचे मुसम्मात, नावापुढे नवऱ्याचे नाव, आणि मधे आणखी एक उर्दू शब्द. कचेरीत वावरणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून तो दिवसातून दहा वेळा जातो.

"थांबा, सायब," ती म्हणाली. "कवाचा कागद हाये हा?"

मी तारीख सांगितली. तिला समजावे म्हणून पुढे म्हणालो, "दसऱ्याच्या दिवशीचा."

"दसऱ्याच्या दिवशी मी बेवा?" विळा थांबला. "आपट्याचं सोनं वाटत गावभर फिरला माया मालक त्या रोजी. अन् तुमी मले बेवा करून राह्यले? असं वाचताना जीभ जळत नाई तुमची?"

शेठ हसला. "बाईमाणूस आहे साहेब. शब्दाला रुसली."

मलाही तसेच वाटले. "बाई, कागदाची भाषा असते ही. शब्दावर जाऊ नका. अंगठा तुमचा आहे का, तेवढे सांगा."

"अंगठा मायाच हाये. पन तो मी तेरवीच्या..."

"बस. तेवढेच पाहिजे होते."

मी तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली. तीन दिवस. शेठला आजच ताबा हवा होता, मी तीन दिवस मिळवून दिले, म्हणून स्वतःला दयाळू समजलो. निघताना तिने एवढेच विचारले, "सोमवारी पक्कं का, सायब?" मी म्हणालो, "पक्कं."

दुपारी ठाण्यात परतलो. दर शुक्रवारी आसपासच्या गावांचे कोतवाल आपापली जन्ममृत्यूची वही घेऊन येत. आमचे जमादार त्यावरून ठाण्याच्या मोठ्या रजिस्टरात नोंदी उतरवत, आणि पानाच्या तळाशी मी तपासणीची सही करी. न वाचता करी, हेही सांगून टाकतो. जमादार म्हणजे नोकरीत केस पांढरे झालेला, पान चघळत लिहिणारा माणूस.

"बोल बे, या हप्त्यात कोण कोण गेलं तुया गावात?"

"एक म्हातारी गेली," कोतवाल म्हणाला. "ताप होता."

"नवरा हाये का तिचा?"

"तो त मागच्या सालीच गेला."

"मंग बेवा लिवतो."

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला. मी विचारले, "जमादार, नवरा जिवंत असता तर?"

"त जौजे लिवलं असतं. जौजे म्हंजे बायको, बेवा म्हंजे रांडमुंड. काऊन सायेब? जित्या मानसाच्या बायकोले बेवा लिवलं अन् तिले समजलं, त थे बाई ठान्यात येऊन माया डोक्यात वरवंटा घालन."

चार तासांपूर्वी एका बाईने मला नेमके हेच सांगितले होते. वरवंटा तेवढा तिच्या हातात नव्हता.

रजिस्टरची मागची पाने उलटली. पौषातल्या एका पानावर तिच्या नवऱ्याची नोंद सापडली. गाव, वय, मरणाचे कारण, तारीख. नवरा दसऱ्यानंतर तीन महिने जिवंत होता. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी त्या बाईच्या नावापुढे बेवा लिहिणे जगात कोणालाच शक्य नव्हते. कागद नवरा गेल्यानंतर लिहिला गेला आणि तारीख मागची टाकली. पुरावा माझ्याच ठाण्यात, माझ्या खुर्चीमागच्या फळीवर पडून होता. आणि त्या पानाच्या तळाशी तपासणीची सही होती. ती माझी होती.

गहाणखताची नक्कल काढून पाहिली. त्यात जौजे होते. तिथे सगळे बरोबर होते.

शनिवारी पहिल्या बसने मेहकरला गेलो. आधी स्टॅम्प विकणाऱ्याची वही तपासली. कबुलीलेखाचा स्टॅम्प सावकाराने दसऱ्याच्या आठ दिवस आधीच घेतलेला निघाला. म्हणजे त्या बाजूने कागद साफ. पुढे केव्हातरी कामी येतील म्हणून कोरे स्टॅम्प घेऊन ठेवणारे लोक असतात. वकिलाने कोर्टात हीच वही नाचवली असती. माझ्याजवळ फक्त एक शब्द होता, आणि लिहिताना हात चुकला एवढे कोणी म्हटले की तोही जाणार होता.

दस्ताच्या खाली लिहिणाराची सही असते. या कबुलीलेखावर तहसील कचेरीच्या आवारात बसणाऱ्या एका जुन्या अर्जनवीसाची होती. सगळे त्याला मुन्शीजी म्हणत. कडुनिंबाखाली सतरंजी, पुढे उतरते लाकडी डेस्क, काचेची दौत, कानावर टाक. अक्षर असे की रजिस्ट्रारसुद्धा कौतुक करीत.

तरुण फौजदारांना वाटते, टेबलावर काठी आपटली की माणूस बोलतो. बोलतो, पण तुम्हाला जे ऐकायचे आहे ते बोलतो. मी सतरंजीवर बसलो.

"मुन्शीजी, एक अर्ज लिहून पाहिजे. एका बाईचा."

"बसा, बसा. आज ठाण्याचा हात मोडला का?" ते हसले. टाक बुडवला. "नाव सांगा. अन् नवरा हाये का गेला?"

"त्यानं काय फरक पडतो?"

त्यांनी टाक बाजूला धरून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, शाळेतल्या मास्तरासारखे. "फरक? तुमाले खांद्यावरच्या फितीचा फरक समजते न? तसा आमाले शब्दाचा. नवरा हाये त जौजे. गेला त बेवा. एका शब्दानं वारसा इकडचा तिकडे होते, सायब. बत्तीस वर्सं झाले लिहून राह्यलो अथी. हा शब्द कदी चुकला नाई."

"कधीच?"

"कदीच. एक दाखवा, ही दौत फोडून टाकतो."

मी नक्कल काढून डेस्कवर ठेवली. त्यांनी ती वरून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत. नावाशी आले, पुढे गेले. तारखेशी आले. परत नावाशी गेले. मग ओठ हलायचे थांबले.

"नक्कल करनाराची चूक असंन."

"अस्सल मी स्वतः वाचलाय."

"मंग माया हात चुकला असंन."

"आत्ताच म्हणालात, कधी चुकत नाही." मी नकलेवर बोट ठेवले. "काय चुकलं, मुन्शीजी? शब्द, की तारीख?"

आवारात बैलगाड्या येत-जात होत्या. कोणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. हे मला त्या दिवशी समजले की खरा प्रश्न एकदाच विचारायचा आणि मग गप्प राहायचे.

मुन्शीजींनी दौत फोडली नाही. तिचे झाकण लावले.

"शब्द नाई चुकला, सायब."

मग सगळे बाहेर आले. शेठने गहाण घेतले दिवाळीत. घेतल्यावर त्याला कळले की घरमालकीण आणि तिचा नवरा बाकी मानतच नाहीत. तो सावकाराच्या मागे लागला, बाकी कबूल असल्याचा कागद आणून दे, नाहीतर सौदा मोडतो. नवरा होता तोवर ते जमले नाही. त्याला वाचता येत होते. पौषात तो गेला. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सावकार मुन्शीजींना गाडीत बसवून त्या गावात गेला. बाईला सांगितले, तुझे गहाणखत परत द्यायचे आहे, ते मिळाल्याच्या पावतीवर अंगठा दे.

"ओट्यावर बसली होती थे," मुन्शीजी म्हणाले. "कपाळ मोकळं. हात मोकळे. तारीख दसऱ्याची टाका म्हनलं, म्या टाकली. पन थे बाई समोर बसली असताना तिले जौजे कसा लिहू? हातानं आपसूकच बेवा लिवलं. लिहून झाल्यावर ध्यानात बी नाई आलं."

"खोटी तारीख लिहिता आली आणि खोटा शब्द लिहवला नाही?"

"तारीख त्यायची होती, सायब. शब्द माया होता."

"खाली लिहिलंय, दस्त वाचून दाखवला, बरोबर आहे असे सांगितले. दाखवला होता वाचून?"

मुन्शीजींनी नकारार्थी मान हलवली. "थे त लिवाच लागते. सगळ्याच दस्तावर लिवतो."

सगळ्याच दस्तावर. हे वाक्य मी त्यांच्या जबानीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले. वाचून दाखवले. खरोखर दाखवले. त्यांनी सही केली, तीही सुंदर अक्षरात.

संध्याकाळच्या आधी मी त्या गावात उतरलो. चांगली बातमी घेऊन चाललो होतो, त्यामुळे पावले भराभर पडत होती. घरात गेलो तर भांडी पोत्यात बांधलेली, गाडगी-मडकी ओट्यावर. आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मातीचा ढीग.

"हे काय केलं?"

"चूल होती. मोडली."

"काऊन?"

"तुमी म्हनलं न, सोमवार पक्कं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. हाताला ओली माती होती. "माया सासूनं अन् म्या मिळून घातली होती थे चूल. त्या शेठच्या मानसाईनं तिच्यावर भाकरी थापाव्या? माया हातानं घातली, माया हातानं मोडली."

मी तिला सांगितले की घर जात नाही. कागद खोटा ठरला. एका शब्दामुळे ठरला. दसरा, पौष, बेवा, सगळे समजावून सांगितले. माझी अपेक्षा होती की ती रडेल, हात जोडेल. लोक जोडतात.

ती म्हणाली, "हेच त म्या सांगून राह्यली होती तुमाले. काल. अथीच. तवा काऊन नाई आयकलं?"

मी ओट्यावरचे एक मडके उचलून आत नेऊन ठेवले.

सोमवारी शेठ बैलगाडी, चार माणसे आणि नवे कुलूप घेऊन आला. अर्धा गाव जमला होता. मी दोन पंच घेऊन ओट्यावर उभा होतो.

"कोर्टाचा हुकूम दाखवा," मी म्हणालो.

त्याला वाटले मी थट्टा करतो. "साहेब, तुम्हीच तर सोमवार म्हणाले."

"चुकलो होतो."

"मी पैसे मोजून गहाण घेतलंय. फुकट नाही."

"गहाण घेतलंय. घर नाही." तेव्हा माझा आवाज चढला, आणि त्याची मला लाज नाही. "सावकारानं गहाण विकलं, म्हणून घर विकलं जात नाही. त्याच्या हातात जे होतं तेच तुमच्या हातात आलं. तोच हिशेब, तोच वाद. हिने त्याला जे जे दिलं ते तुम्हालाही मोजावं लागेल. त्याला हिला विचारल्याशिवाय दारातून आत येता येत नव्हतं, तर तुम्हालाही येत नाही. वाद असेल तर दिवाणी कोर्टात जा. तिथे हिलाही बोलू देतात."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "शेठजी, कुलूप अडतीले लावा आता!" लोक हसले. शेठ हसला नाही. माझ्याजवळ येऊन नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "फौजदार साहेब, वरून विचारणा होईल." मी म्हणालो, "लेखी होऊ द्या." आणि कबुलीलेखाचा अस्सल कागद पंचनामा करून जप्त केला. फसवणूक आणि बनावट दस्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच दिवशी सावकाराला अटक केली. तो रस्ताभर मला सांगत होता की त्याने गावात देऊळ बांधले आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पोलिसाच्या आठवणीत गोष्टी अशा संपत नाहीत.

विचारणा झाली, लेखी नाही. पावसाळा संपायच्या आत माझी बदली झाली. खटला वर्षानुवर्षे चालला. साक्षीसाठी मी तीन ठिकाणांहून तीन वेळा आलो, दोन वेळा तारीख पुढे गेली. मुन्शीजींनी कोर्टात आपला जबाब फिरवला नाही. सावकाराच्या वकिलाने म्हटले की गुन्ह्यातला साथीदारच बोलतो, त्याच्या एकट्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा. सावकाराला संशयाचा फायदा मिळाला. मुन्शीजींना शिक्षा झाली, थोडी का होईना, आणि कडुनिंबाखालची जागा गेली. खोटी तारीख सांगणारा सुटला. खरा शब्द लिहिणारा आत गेला. हे मी आयुष्यभर गिळत आलो, अजून गिळले गेले नाही. शेठ आरोपींच्या पिंजऱ्यात कधी उभाच राहिला नाही. वादातले गहाण स्वस्तात मिळते म्हणून त्याने ते घेतले होते, आणि स्वस्तात घेणे हा गुन्हा नाही.

बाईचे घर मात्र राहिले. दिवाणी कोर्टात हिशेब निघाला, बाकी काही उरत नाही असे ठरले, आणि गहाणखत तिला परत मिळाले. पण कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तिचा बाजार बुडे. मेहकरला बसने जाऊन दिवसभर भिंतीला टेकून बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. यापायी ऑइल इंजिन विकले गेले. ज्या इंजिनासाठी घर गहाण पडले, ते इंजिन घर सोडवताना गेले. तिचा हक्क कायद्यात पहिल्या दिवसापासून होता. तो तिच्या हातात यायला किती वर्षे लागली, ते मोजायचा मला आता कंटाळा येतो.

पुढे एकदा त्या रस्त्याने जात असताना मी तिच्या दारात थांबलो. तिने ओळखले. चहा दिला. चूल दुसऱ्या कोपऱ्यात होती. जुन्या जागेवर काही नव्हते, नुसती सारवलेली जमीन.

लोकांना वाटते की पोलिसाचे कसब लपलेली गोष्ट शोधण्यात असते. माझ्या केसमध्ये काहीच लपलेले नव्हते. बाईने पहिल्या पाच मिनिटांत सगळे सांगितले होते. पण ते तक्रारीच्या भाषेत सांगितले, रागाने सांगितले, कायद्याच्या भाषेत सांगितले नाही. म्हणून ते मला ऐकू आले नाही. तोच शब्द जमादाराने ठाण्यात बसून उच्चारला, तेव्हा ऐकू आला. गरिबाचे खरे बोलणे आपल्याला रडगाणे वाटते, आणि हळू बोलणाऱ्याचे खोटे आपल्याला कागद वाटतो. हा दोष माझा एकट्याचा नाही. माझ्या अंगावर वर्दी होती, म्हणून तो एका चुलीला भोवला.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या पेटीत, कपाटात, कापडात गुंडाळून घराचा कागद ठेवलेला असेल. तो आजच काढा. त्यावर ज्या बाईचे नाव आहे, जिचा अंगठा आहे, ती तुमची आई असेल, सासू असेल, काकू असेल, तिला समोर बसवा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तारखेसकट, मोठ्याने वाचून दाखवा. खाली लिहिलेले असतेच की वाचून दाखवले. ते एकदा तरी खरे करा.

आणि वाचताना ती मधेच काही बोलली, तर पुढे वाचू नका. थांबा, आणि तिचे पुरते ऐकून घ्या.